होल्डआउट : हमीच्या पैशासाठी मैदानाबाहेर थांबणारे अमेरिकी फुटबॉलचे अनुभवी खेळाडू

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकी फुटबॉल संघाचे लेफ्ट टॅकल ट्रेंट विल्यम्स ३ सप्टेंबर २०२४ रोजी संघात परतले, तेव्हा हंगामातील संघाचा पहिला सामना अवघ्या सहा दिवसांवर आला होता. जुलैच्या अखेरीस सुरू झालेल्या सराव शिबिराकडे ते फिरकलेही नव्हते. वय ३६ वर्षे, लीगमधील पंधरावा हंगाम, करारात आणखी तीन वर्षे शिल्लक आणि तरीही ते घरी बसून होते. परतण्याबरोबरच त्यांच्या सुधारित कराराची घोषणा झाली. तीन वर्षांसाठी ८ कोटी २६ लाख ६० हजार डॉलर, त्यांपैकी ४ कोटी ८० लाख डॉलरची हमी. कराराची मुदत एका दिवसानेही वाढली नाही. आधीच्या करारात उरलेली तीन वर्षेच नव्या करारात राहिली. बदलली ती रक्कम, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या रकमेची शाश्वती.

अंगावर करार असताना किंवा संघाने आपला हक्क राखून ठेवला असताना, अधिक चांगल्या अटींसाठी खेळाडूने सरावाला आणि प्रसंगी सामन्यांनाही हजर न राहण्याला अमेरिकेत ‘होल्डआउट’ म्हणतात. संप हा सर्वांचा असतो, होल्डआउट एकट्याचा. त्यात घोषणा नसतात, मोर्चा नसतो. खेळाडू येत नाही, एवढेच. खेळाडूच्या बाजूने त्याचा एजंट बोलतो, संघाच्या बाजूने सरव्यवस्थापक बोलतात, आणि दोघांच्या मध्ये कॅलेंडर उभे असते.

येथे फुटबॉल म्हणजे भारतात कोलकाता, गोवा, केरळ किंवा ईशान्येकडील राज्यांत खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, शिरस्त्राणे आणि खांद्यांवर जाड कवच घालून खेळल्या जाणाऱ्या या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे १९२० मध्ये स्थापन झालेली नॅशनल फुटबॉल लीग, अर्थात एनएफएल. तिच्यात ३२ संघ असून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ साखळी सामने खेळतो. सामने कमी, धडका प्रचंड आणि कारकिर्दी आखूड. वयाच्या तिशीत पोहोचलेल्या खेळाडूकडे संघ हिशेबाच्या नजरेने पाहू लागतात. विल्यम्स यांच्यासारखा छत्तिशीतला खेळाडू हा त्यामुळेच अपवाद ठरतो.

लेफ्ट टॅकल हे स्थान प्रेक्षकांच्या नजरेत सहसा भरत नाही. हा खेळाडू चेंडू फेकत नाही, झेलत नाही आणि घेऊन पळतही नाही. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर फेकताना त्याची पाठ डावीकडे असते, आणि त्या न दिसणाऱ्या बाजूने धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अडवणे हे लेफ्ट टॅकलचे काम. या कामाची किंमत लोकांच्या ध्यानात आली ती प्रामुख्याने १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्रीपासून, असे मानले जाते. वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक जो थाइसमन यांचा पाय न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर यांच्या धडकेत मोडला आणि दूरचित्रवाणीवर देशाने तो पाहिला. थाइसमन पुन्हा खेळू शकले नाहीत. पुढे लेफ्ट टॅकल हा संघातील सर्वाधिक मोबदला घेणाऱ्यांपैकी एक होत गेला, त्यामागे ही भीती आहे.

करार कोणाला बांधतो?

होल्डआउटची गोष्ट वृत्तपत्रांत येते तेव्हा बहुधा मोठा आकडा मथळ्यात असतो आणि वाचकाचा पहिला प्रश्न स्वाभाविक असतो : सही केलीच होती, मग आता तक्रार कसली? हा प्रश्न चुकीचा नाही. मात्र एनएफएलमधील सहीचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखा नसतो, हे त्यात सुटून जाते.

या लीगमधील करारात साधारणपणे तीन प्रकारचा पैसा असतो. सही करताना मिळणारा बोनस हा खेळाडूचा झाला, तो सहसा हातचा जात नाही. त्यानंतर येते हमी असलेले वेतन. खेळाडूला दुखापत झाली किंवा संघाने त्याला काढले तरी ते द्यावे लागते. उरलेले वेतन मात्र केवळ कागदावर असते. संघाने खेळाडूला मुक्त केले की त्या पुढच्या वर्षांचा पैसा नाहीसा होतो. सहा वर्षांचा करार जाहीर होतो, पण हमी बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतीच असते. त्यानंतरची वर्षे संघाच्या मर्जीवर. संघाला खेळाडू हवा असेल तर तो करारातील दराने खेळेल. नको असेल तर करार संपला. खेळाडूला मात्र कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत दुसरीकडे जाण्याची मुभा नाही. अमेरिकेतीलच बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या मुख्य लीगमध्ये करारातील बहुतेक रक्कम हमीची असते. त्यामुळे तेथे हा प्रकार क्वचितच पाहायला मिळतो.

यात वेतनमर्यादेची भर पडते. १९९४ पासून प्रत्येक संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा लीग ठरवते. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलरवर गेली. मर्यादा वाढत जाते तसे त्याच स्थानावरील तरुण खेळाडूंचे नवे करार फुगत जातात, आणि तीन वर्षांपूर्वी विक्रमी वाटलेला करार सामान्य ठरतो.

विल्यम्स यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी फोर्टीनाइनर्सबरोबर सहा वर्षांसाठी १३ कोटी ८० लाख ६० हजार डॉलरचा करार केला होता. वर्षाची सरासरी २ कोटी ३० लाख १० हजार डॉलर. ग्रीन बे पॅकर्सच्या डेव्हिड बाख्तियारी यांची सरासरी बरोबर २ कोटी ३० लाख होती. म्हणजे आक्रमक फळीतील सर्वाधिक मोबदल्याचा मान विल्यम्स यांनी वर्षाला दहा हजार डॉलरच्या फरकाने मिळवला. हे दहा हजार पोटासाठी नव्हते, हे उघड आहे. पण २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत डेट्रॉइटचे पेनेई सूएल यांची सरासरी २ कोटी ८० लाखांवर आणि टँपा बेचे ट्रिस्टन वर्फ्स यांची त्याहूनही किंचित वर गेली होती. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षे लीगच्या सर्वोत्तम संघात निवड झालेले विल्यम्स आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान खेळाडूंच्या मागे पडले. शिवाय त्यांच्या करारातील हमीची रक्कम संपली होती. उरलेली तीन वर्षे कागदावर होती.

पहिला नकार : वॉशिंग्टन, २०१९

ही त्यांची पहिली वेळ नव्हती. पाच वर्षांपूर्वी त्यांनी वॉशिंग्टन संघाला असाच नकार दिला होता. पण त्या नकाराची जात वेगळी होती.

ओक्लाहोमा विद्यापीठातून आलेल्या विल्यम्स यांना वॉशिंग्टनने २०१० च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडले. २०१२ ते २०१८ अशी सलग सात वर्षे त्यांची प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवड झाली. २०१९ च्या सुरुवातीला त्यांच्या डोक्यावरील गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यानंतर जूनमधील अनिवार्य सरावाला ते आले नाहीत, शिबिराला आले नाहीत, हंगामातील पहिल्या आठ सामन्यांनाही आले नाहीत. संघाने त्यांना दुसऱ्या संघाकडे द्यावे ही त्यांची मागणी होती आणि संघाचे अध्यक्ष ब्रूस ॲलन यांनी ती मान्य केली नाही.

२९ ऑक्टोबर २०१९ रोजी, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपण्याच्या दिवशी, विल्यम्स हजर झाले. त्या वर्षाची सेवा मोजली जावी आणि करार एक वर्ष पुढे ढकलला जाऊ नये, यासाठी त्यांना परतणे भाग होते. दोनच दिवसांनी त्यांनी पत्रकारांना सांगितले की, ती गाठ दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगाची होती आणि संघाच्या वैद्यकीय चमूने ती गंभीर नसल्याचे आपल्याला अनेक वर्षे सांगितले होते. शिरस्त्राण घालताना त्रास होत असल्याने ते वैद्यकीय चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत. संघाने त्यांना फुटबॉलेतर दुखापतीच्या यादीत टाकले आणि उरलेल्या हंगामाचे वेतन दिले नाही. वॉशिंग्टनने त्या हंगामात १६ पैकी १३ सामने गमावले. वर्षाच्या अखेरीस ॲलन यांनाही पद सोडावे लागले.

२५ एप्रिल २०२० रोजी वॉशिंग्टनने विल्यम्स यांना फोर्टीनाइनर्सकडे सोपवले. बदल्यात मिळाल्या त्या ड्राफ्टमधील पाचव्या आणि तिसऱ्या फेरीच्या दोन निवडी. त्यांच्या दर्जाच्या खेळाडूसाठी ही किंमत नगण्यच म्हणावी लागेल. वर्षभर मैदानापासून दूर राहिलेला, आजारातून उठलेला, एकतीस वर्षांचा खेळाडू कसा निघेल याची खात्री कोणालाच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक काइल शॅनहन यांनी मात्र वॉशिंग्टनमध्ये साहाय्यक असताना त्यांना तरुणपणी पाहिले होते. विल्यम्स यांची सर्वोत्तम वर्षे पुढेच होती, हे नंतर दिसले.

रिगिन्स यांचे वर्ष

या प्रकाराचे सर्वांत सांगितले जाणारे उदाहरणही वॉशिंग्टनचेच आहे. चेंडू घेऊन बचावफळीला भिडणारे जॉन रिगिन्स १९७९ मध्ये एक हजारांहून अधिक यार्ड धावले आणि संघाने १६ पैकी १० सामने जिंकले. १९८० च्या शिबिरातून ते करारात सुधारणा मागत निघून गेले. ऑगस्टमध्ये त्यांनी ३१ वर्षे पूर्ण केली. संघाने मागणी मानली नाही, ते कॅन्ससला गेले आणि तो संपूर्ण हंगाम खेळलेच नाहीत. वॉशिंग्टन सहा विजयांवर घसरले व प्रशिक्षक जॅक पार्डी यांची गच्छंती झाली.

नवे प्रशिक्षक जो गिब्स रिगिन्स यांची समजूत काढण्यासाठी स्वतः कॅन्ससला गेले. १९८१ मध्ये परतल्यावर रिगिन्स यांनी पत्रकारांना सांगितले की आपल्याला कंटाळा आला आहे, खिसा रिकामा झाला आहे आणि म्हणून आपण परत आलो आहोत. होल्डआउटचे इतके प्रामाणिक स्पष्टीकरण त्यानंतर कोणत्याही एजंटाने दिलेले नाही.

एक वर्ष विसावलेल्या शरीराचा परिणाम असो वा गिब्स यांच्या डावपेचांचा, रिगिन्स यांची खरी कीर्ती त्यानंतरची आहे. १९८२ च्या हंगामातील बाद फेरीच्या चार सामन्यांत ते ६१० यार्ड धावले. ३० जानेवारी १९८३ रोजी सुपर बोलमध्ये मायामीविरुद्ध संघ १३-१७ असा मागे असताना, चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवे होते. रिगिन्स ४३ यार्ड धावत थेट गोलरेषेपलीकडे गेले. वॉशिंग्टनने सामना २७-१७ असा जिंकला, रिगिन्स सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. पुढच्या हंगामात, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्यांनी धावून २४ टचडाउन केले. तो त्या वेळचा विक्रम होता. १९९२ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

रिगिन्स यांच्या काळात खेळाडूला करार संपल्यावरही खऱ्या अर्थाने दुसऱ्या संघात जाता येत नव्हते. त्या स्वातंत्र्यासाठी खेळाडू संघटनेने १९८७ मध्ये संप केला. मालकांनी बदली खेळाडू उभे करून तीन आठवडे सामने खेळवले, काही नामवंत खेळाडू संप मोडून मैदानात उतरले आणि २४ दिवसांत संप संपला. मैदानावर न मिळालेले न्यायालयात मिळाले : १९९२ मध्ये मिनियापोलिस येथील ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि १९९३ च्या सामूहिक करारात मुक्त खेळाडूची पद्धत आली. त्याच कराराने मालकांना दोन गोष्टी दिल्या. एक वेतनमर्यादा, दुसरी ‘फ्रँचाइज टॅग’.

त्याच वर्षी डॅलस काउबॉइजच्या एमिट स्मिथ यांनी होल्डआउट किती लवकर फळू शकतो हे दाखवले. सुपर बोल जिंकलेल्या संघाचा हा आघाडीचा धावपटू नव्या करारासाठी अडून बसला, संघाने पहिले दोन्ही सामने गमावले आणि मालक जेरी जोन्स यांनी चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलरवर तडजोड केली. डॅलस पुन्हा विजेते ठरले. स्मिथ लीगचे आणि सुपर बोलचेही सर्वोत्कृष्ट खेळाडू. अर्थात स्मिथ तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते.

२०१८ : एकाच मोसमात दोन टोके

फ्रँचाइज टॅगची तरतूद अशी : करार संपलेल्या एका खेळाडूला संघ ठरावीक मोठ्या वेतनावर एक वर्ष रोखून ठेवू शकतो. रक्कम त्या स्थानावरील सर्वाधिक वेतनांच्या सरासरीवर किंवा खेळाडूच्या आधीच्या वेतनाच्या १२० टक्क्यांवर ठरते. आकडा डोळे दिपवणारा असतो, पण तो एकाच वर्षाचा. दुखापत झाली तर पुढचे काही नाही.

पिट्सबर्ग स्टीलर्सचे ले’व्हियॉन बेल यांना २०१७ मध्ये टॅग लागला, तेव्हा ते त्या वर्षी तब्बल ४०६ वेळा चेंडू घेऊन खेळले. धावणाऱ्या खेळाडूच्या शरीराचा असा वापर म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षांची उचल. २०१८ मध्ये संघाने पुन्हा टॅग लावला, या वेळी सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरचा. दीर्घ मुदतीच्या करारातील हमी अपुरी वाटल्याने बेल यांनी सही केली नाही. सही नसल्याने दंडही नव्हता. मात्र प्रत्येक आठवड्याला ८ लाख ५५ हजार डॉलर जात होते. १३ नोव्हेंबरची अंतिम मुदत त्यांनी ओलांडली आणि हंगाम संपला. त्यांच्या जागी आलेले जेम्स कॉनर १३ सामन्यांत ९७३ यार्ड धावले. दुसऱ्या दिवशी काही सहकाऱ्यांनी बेल यांचा लॉकर उघडून त्यांतील बूट आणि वस्तू वाटून घेतल्या. ते दृश्य वाहिन्यांवर दिवसभर फिरत राहिले.

मार्च २०१९ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने बेल यांना चार वर्षांसाठी ५ कोटी २५ लाख डॉलरचा करार दिला. त्या हंगामात ते प्रत्येक धावेला सरासरी ३.२ यार्डच काढू शकले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये जेट्सने त्यांना मुक्त केले. गमावलेले वर्ष त्यांना परवडले का, यावर अमेरिकी क्रीडापत्रकारांत अजून एकमत नाही. हमीचा पैसा त्यांच्या हाती पडला हे खरे. गेलेले १ कोटी ४५ लाख परत आले नाहीत हेही खरे.

त्याच उन्हाळ्यात सिअ‍ॅटलचे बचावपटू अर्ल थॉमस करारवाढ मागत शिबिराबाहेर राहिले, पण वेतन बुडू नये म्हणून पहिल्या सामन्यापूर्वी परतले. ३० सप्टेंबर २०१८ रोजी ॲरिझोनाविरुद्ध चौथ्याच सामन्यात त्यांचा पाय मोडला. गाडीतून मैदानाबाहेर नेले जात असताना त्यांनी स्वतःच्या संघाच्या बाकाकडे पाहून असभ्य हातवारा केला. शोभणारे वर्तन ते नव्हतेच. परंतु हमी का मागितली जाते याचे उत्तर त्या मोडलेल्या पायात होते.

दुसरे टोक लॉस एंजलिस आणि शिकागोत होते. २०१७ मध्ये शिबिर आणि सलामीचा सामना चुकवूनही वर्षाचे सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरलेले रॅम्सचे ॲरन डॉनल्ड पुढच्या वर्षीही शिबिराला आले नाहीत. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांना १३ कोटी ५० लाख डॉलरची करारवाढ मिळाली, त्यांत ८ कोटी ७० लाखांची हमी. दुसऱ्याच दिवशी ओकलंडने, त्यांच्याप्रमाणेच अडून बसलेल्या खलील मॅक यांना शिकागोकडे दिले आणि तेथे त्यांना १४ कोटी १० लाखांचा करार झाला. डॉनल्ड यांनी त्या हंगामात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला साडेवीस वेळा पाडले. डॉनल्ड आणि मॅक दोघेही सत्ताविशीत होते, आणि त्यांची जागा घेईल असा माणूस संघात नव्हता. बेल यांच्या जागी कॉनर होते. सौद्यांतील फरक बराचसा इतक्याने उलगडतो.

दंडाचा नवा हिशेब

२०१८ च्या या मालिकेने मालक सावध झाले. २०११ च्या सामूहिक करारातही शिबिराचा दिवस चुकवल्यास दंड होता. पण तडजोड झाली की संघ तो मुकाट्याने माफ करत. २०२० च्या करारात तो अनुभवी खेळाडूंसाठी दिवसाला ५० हजार झाला आणि माफ करण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. पदार्पणाच्या करारावरील तरुणांना ४० हजार, आणि त्यांच्या बाबतीत माफीची वाट मात्र उघडी ठेवली. अनुभवी खेळाडूवर नियम अधिक कडक का, याचे कारण उघड आहे : दोन हंगाम जास्त खेळण्यासाठी नव्हे, तर एक शेवटचा करार पदरात पाडण्यासाठी अडून बसणारा तोच असतो. खेळाडू संघटनेने या करारावर मतदान घेतले तेव्हा तो अगदी थोड्या फरकाने संमत झाला.

खेळाडूंनी यावर तोड काढली. शिबिराला यायचे, बैठकांना बसायचे, पण कवच घालून सरावात उतरायचे नाही. हजेरी लागल्याने दंड नाही, आणि सराव न केल्याने दुखापतीचा धोकाही नाही. या अर्ध्या हजेरीला ‘होल्ड-इन’ असे नाव पडले. पिट्सबर्गचे टी. जे. वॉट यांनी २०२१ मध्ये हाच मार्ग धरला व पहिल्या सामन्याच्या तोंडावर ११ कोटी २० लाखांची करारवाढ घेतली, ८ कोटींच्या हमीसह.

कॅन्सस सिटीचे ख्रिस जोन्स मात्र जुन्याच वाटेने गेले. २०२३ मध्ये, करारात एक वर्ष उरले असताना, त्यांनी दंड मोजत सगळे शिबिर चुकवले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी गतविजेता कॅन्सस सिटी संघ घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून २०-२१ असा हरला, तेव्हा जोन्स त्याच स्टेडियममधील एका खास कक्षात बसून सामना पाहत होते. त्या एका रात्रीचे त्यांचे बुडालेले वेतन १० लाख डॉलरहून अधिक होते. चार दिवसांनी सुधारित एकवर्षीय करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीने सुपर बोल जिंकला आणि मार्चमध्ये जोन्स यांना पाच वर्षांसाठी १५ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलरचा करार मिळाला. हमी ९ कोटी ५० लाखांची. त्या सुपर बोलमध्ये २२-२५ असा जादा वेळेत हरलेला संघ होता विल्यम्स यांचा फोर्टीनाइनर्स.

पाच महिन्यांनी त्याच फोर्टीनाइनर्सच्या शिबिरात दोन्ही तऱ्हा एकत्र दिसल्या. झेल घेणारे ब्रँडन अय्यूक करारवाढ मागत होते. ते रोज येत, मैदानाच्या कडेला उभे राहत, सराव करत नसत. ऑगस्टअखेर त्यांना चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलर मिळाले. विल्यम्स मात्र आलेच नाहीत. दिवसाला ५० हजारांच्या दराने हिशेब केला तर त्यांचा दंड २० लाख डॉलरच्या घरात जातो, आणि नियमानुसार तो माफ होण्यासारखा नव्हता. नव्या करारात सहीचा बोनस मात्र अडीच कोटी डॉलरहून अधिक होता. दंड अखेर कोणाच्या खिशातून गेला, हे वेगळे सांगायला नको.

विल्यम्स यांना हे साधले, कारण संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता, त्यांच्या जागेला पर्याय नव्हता आणि त्यांची मागणी कराराच्या मुदतीत बसणारी होती. याच शरद ऋतूत हसन रेडिक यांच्याकडे यांतील काहीच नव्हते. सलग चार हंगाम क्वार्टरबॅकला दहाहून अधिक वेळा पाडणाऱ्या रेडिक यांना फिलाडेल्फियाने एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे दिले. त्यांना नवा करार हवा होता. जेट्सची समजूत अशी की ते आधी हजर होतील. ते शिबिराला आले नाहीत, ऑगस्टमध्ये दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली आणि पहिले सात सामने चुकवले. त्यांचे हंगामाचे वेतन १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर होते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ आठ लाख. सप्टेंबरमध्ये त्यांना तीस वर्षे पूर्ण झाली. ऑक्टोबरमध्ये जेट्सने प्रशिक्षक रॉबर्ट साला यांना काढले. रेडिक यांनी एजंट बदलला आणि त्याच एका वर्षाच्या फेररचनेवर समाधान मानून ते परतले. उरलेल्या दहा सामन्यांत ते क्वार्टरबॅकला एकदाच पाडू शकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा जुना संघ फिलाडेल्फिया सुपर बोल जिंकला. मार्चमध्ये रेडिक यांनी टँपा बेबरोबर एका वर्षासाठी १ कोटी ४० लाखांवर सही केली. जेट्समध्ये नाकारलेल्या वेतनाहून अडीच लाखांनी कमी.

विल्यम्स यांचा २०२४ चा हंगामही सुखाचा गेला नाही. घोट्याच्या दुखापतीमुळे ते दहा सामन्यांनंतर खेळू शकले नाहीत आणि फोर्टीनाइनर्स १७ पैकी ११ सामने हरले. जुन्या करारातील हमी संपलेली असताना असा हंगाम आला असता, तर सदतिशीकडे झुकलेल्या खेळाडूला संघाने वसंतात काय सांगितले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. ४ कोटी ८० लाखांच्या हमीमुळे तो प्रश्न उद्भवला नाही.

जुलै २०२५ मध्ये पिट्सबर्गने वॉट यांना, तीस वर्षे पूर्ण झालेली असताना, आणखी तीन वर्षांसाठी १२ कोटी ३० लाख डॉलरची करारवाढ दिली. त्यांत १० कोटी ८० लाखांची हमी. जूनमधील अनिवार्य सराव त्यांनी चुकवला होता. शिबिर अद्याप सुरू व्हायचे होते, त्यामुळे दररोजच्या ५० हजारांचा प्रश्न दोन्ही बाजूंना पडलाच नाही.